रुग्णालयाच्या फाटकाशी पहिला अर्धा तास: ठाणे-नवी मुंबईच्या प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, ठाणे आणि रायगड
मा. आयुक्त, ठाणे, नवी मुंबई आणि पनवेल महानगरपालिका
मा. पोलीस आयुक्त, ठाणे आणि नवी मुंबई
तसेच ठाणे-बेलापूर व तळोजा पट्ट्यातील जिल्हा आणि स्थानिक संकट गटांचे सर्व सदस्य

माननीय महोदय, महोदया,

विषारी रसायने, रोगजंतू किंवा किरणोत्सारी पदार्थ वापरून होणाऱ्या घातपाताचा विषय निघाला की दोन प्रकारची बोलणी कानावर येतात. काहींच्या मते आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, त्यामुळे कोणीही घरबसल्या विष बनवील. इतर म्हणतात, हे सगळे परदेशातले, आपल्याकडे आधी बॉयलरचे स्फोट थांबवा. पहिल्या समजुतीपायी महागडी यंत्रे खरेदी होतात आणि दुसरीपायी काहीच होत नाही. आम्ही रासायनिक सुरक्षा, आपत्कालीन वैद्यक आणि अग्निशमन या क्षेत्रांत काम करणारी, याच पट्ट्यात राहणारी माणसे आहोत. आमचे म्हणणे एवढेच आहे की घातपात असो वा गळती, माणसे वाचतात ती पहिल्या अर्ध्या तासात. कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये, अग्निशमन केंद्रात आणि रुग्णालयाच्या फाटकाशी त्या अर्ध्या तासात काय होते, त्यावर सगळे ठरते. येत्या अंदाजपत्रकात पैसा तिथे द्या.

तंत्रज्ञानाने नेमके काय बदलले, ते आधी सांगतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका औषध-संशोधन कंपनीने आपल्या संगणकप्रणालीला विषारी रेणू टाळण्याऐवजी शोधायला सांगून पाहिले. सहा तासांच्या आत ४०,००० रेणूंची यादी तयार झाली आणि त्यात ज्ञात युद्धरसायनेही होती. बातमी भीतीदायक होती. पण पडद्यावरची यादी आणि बाटलीतले रसायन यांच्यामध्ये कच्चा माल, शुद्धता, साठवण आणि वर्षानुवर्षांची हाताची सवय उभी असते. जपानच्या ओम शिनरिक्यो पंथाकडे पदवीधर शास्त्रज्ञ, भरपूर पैसा आणि स्वतःचा कारखाना होता. तरीही १९९३ मध्ये त्यांनी टोकियोत फवारलेल्या अँथ्रॅक्सची लागण कोणाला झाली नाही, आणि २० मार्च १९९५ रोजी भुयारी रेल्वेत वापरलेला सरीन हा मज्जासंस्थेवर घाव घालणारा विषारी पदार्थही अशुद्ध होता. नव्या साधनांमुळे अडलेल्या माणसाला पुढची वाट लवकर सापडते आणि प्रयत्न करणाऱ्यांची संख्या वाढते. बहुतेक प्रयत्न फसतील. पण फसलेल्या प्रयत्नातही विषबाधा होते, घबराट पसरते आणि लोक रुग्णालयाकडे धावतात. टोकियोत तसा अशुद्ध सरीन असूनही डझनाहून जास्त माणसे गेली आणि पाच हजारांहून अधिक लोक उपचारांसाठी आले.

हा विषय आपल्या दारापर्यंत आलेला आहे. जानेवारी २०१९ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने मुंब्रा आणि औरंगाबादमधून काही जणांना अटक केली, तेव्हा अन्नपाण्यात विष कालवण्याच्या कटाचा आरोप होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुजरातच्या पथकाने एका डॉक्टरला रायसिन हे एरंडाच्या बियांतले विष तयार करत असल्याच्या आरोपावरून पकडले. दोन्ही वेळा तपास यंत्रणा आधी पोहोचल्या. प्रत्येक वेळी त्या आधी पोहोचतील, असे गृहीत धरून शहराचे नियोजन करता येत नाही.

आमची सर्वांत मोठी काळजी मात्र घरी बनवलेल्या विषाची नाही. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत आणि पुढे तळोज्यात जे विष आधीच टाक्यांमध्ये भरून ठेवलेले आहे, त्याची आहे. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्याच्या सुरक्षा कंट्रोलरमध्ये घुसखोरांनी विषाणूप्रणाली पेरली. दाब किंवा तापमान हाताबाहेर गेले की प्रक्रिया आपोआप बंद करण्याचे काम हा कंट्रोलर करतो. त्यालाच आंधळे करण्याचा तो प्रयत्न होता. कंट्रोलरने स्वतःतली विसंगती ओळखून कारखाना बंद केला, म्हणून अनर्थ टळला. तपासात निघालेली गोष्ट अगदी साधी होती: कंट्रोलरवरची किल्ली 'रन'वर असायला हवी होती, ती 'प्रोग्रॅम'वर तशीच राहिली होती. किल्ली 'रन'वर असती तर आतली आज्ञावली बाहेरून बदलणे फार अवघड गेले असते.

आपल्याकडे मध्यम कारखान्यांत यंत्रांची देखभाल बाहेरचा ठेकेदार करतो. तो पुण्याहून किंवा वडोदऱ्याहून रिमोट सॉफ्टवेअरने जोडला जातो आणि काम झाल्यावर जोडणी तशीच चालू राहते. औद्योगिक सुरक्षा संचालनालयाच्या तपासणीत चार गोष्टी सक्तीने पाहाव्यात. किल्ली 'रन'वर करून काढलेली आणि शिफ्ट इन्चार्जच्या ताब्यात आहे का. ती कोणी कधी घेतली याची वही आहे का. सुरक्षा कंट्रोलरचे जाळे ऑफिसच्या संगणकांपासून वेगळे आहे का. ठेकेदाराची केबल काम संपल्यावर प्रत्यक्ष उपटून ठेवली जाते का. पाचवी सवय फुकटची आहे. दर पाळीत एकदा टाकीपाशी जाऊन तिथल्या काट्याच्या मापकाचा आकडा पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहावा. पडद्याला फसवता येते. टाकीवरचा स्प्रिंगचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि यांत्रिक मापक इंटरनेटवरून फसत नाहीत, म्हणून खर्च वाचवण्यासाठी ते काढू देऊ नका.

आता क्लोरीन. १९८९ च्या घातक रसायन नियमांत मोठ्या अपघाताचा धोका असलेला कारखाना ठरवण्यासाठी प्रत्येक रसायनाची मर्यादा दिलेली आहे. क्लोरीनसाठी ती १० टनांपासून सुरू होते. पाणी शुद्धीकरण केंद्रातला एक टनर, म्हणजे क्लोरीनचा मोठा सिलिंडर, ९०० किलोचा असतो. पाच टनर ठेवणारे केंद्र साडेचार टनांवर राहते आणि कडक नियमांच्या बाहेर जाते. पण पाचातला एकच टनर फुटला तरी आसपासच्या वस्तीला तो पुरेसा आहे. २०१० च्या जुलैत शिवडीच्या हाजी बंदरावर पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला, तेव्हा शंभराच्या आसपास लोकांना रुग्णालय गाठावे लागले होते. तिथे घातपात नव्हता.

टनर गळू लागला की दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे गळतीवर पाण्याचा फवारा मारणे. ओल्या क्लोरीनचे आम्ल बनते आणि छिद्राची कड खाऊन ते मोठे करते. पाणी मारायचेच तर लांबवर, वाऱ्याच्या दिशेला धुक्यासारखे, पसरणारा वायू अडवण्यासाठी. दुसरी चूक टनर आहे तसाच ठेवण्याची. गळती खालच्या बाजूला असेल तर द्रव क्लोरीन बाहेर येतो आणि एक लिटर द्रवाचा साडेचारशे लिटरहून जास्त वायू होतो. टनर फिरवून छिद्र वर आणले की फक्त वायू निघतो आणि गळती कित्येक पटींनी मंदावते. त्यासाठी रोलरचे पाळणे आणि व्हॉल्व्ह व फ्यूजिबल प्लगसाठी (उष्णतेने वितळून वायू बाहेर सोडणारे बूच) झाकणांचा संच जवळ हवा. तो टनरच्या खोलीत ठेवू नये, बाहेर, वारा जिकडून येतो त्या बाजूला ठेवावा, कारण गळती झाल्यावर आत जाऊन तो आणता येत नाही. एक टनर शोषून घ्यायला हिशेबाने एक टनाहून थोडा जास्त कॉस्टिक सोडा लागतो. प्रत्यक्षात सव्वा टनाची सोय ठेवा आणि द्रावणाची तीव्रता महिन्याला तपासा, कारण उघड्या टाकीतला कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू निकामी होतो. वस्तीला लागून असलेल्या केंद्रांनी क्लोरीन वायूऐवजी सोडियम हायपोक्लोराइट या द्रवाकडे वळावे, ही आमची ठाम शिफारस आहे. त्याची एक खोड आहे. आपल्या उकाड्यात त्याची ताकद लवकर कमी होते, म्हणून ते सावलीत ठेवावे आणि पंधरवड्यापेक्षा जास्त साठवू नये.

आता रुग्णालय. या पत्राचे निम्मे कारण तेच आहे. टोकियोच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या एका दिवशी ६४० रुग्ण आले. बहुतेक जण चालत, टॅक्सीने किंवा भेटेल त्या गाडीने आले. रुग्णवाहिकेने आलेले थोडे होते. म्हणजे घटनास्थळी कितीही चांगले धुण्याचे केंद्र उभारले तरी माणसे ते ओलांडून थेट रुग्णालयात येतात. कपडे न काढता, अंग न धुता त्यांना आत घेतले आणि जवळपास चौथ्या हिश्श्याच्या कर्मचाऱ्यांना स्वतःलाच विषबाधेची लक्षणे दिसली. सर्वाधिक त्रास झाला तो वॉर्ड म्हणून वापरलेल्या, हवा न खेळणाऱ्या प्रार्थनागृहात काम करणाऱ्यांना. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीचे महापालिका रुग्णालय यांच्या अपघात विभागांत याहून वेगळे काही घडेल, असे मानायला आज आधार नाही. कोविडनंतर एक नवा गैरसमजही रुजला आहे. एन-९५ मास्क आणि कोविडचा पांढरा सूट घातला की झाले, असे कर्मचाऱ्यांना वाटते. एन-९५ कण अडवतो, वाफ आणि वायू अडवत नाही. इथे वायू शोषणारी कॅनिस्टर असलेली, पंख्याने हवा देणारी टोपीवजा श्वसनयंत्रे लागतात. दाढी असलेल्या माणसालाही ती चालतात. प्रत्येक अपघात विभागात निदान सहा हवीत. कॅनिस्टरवर मुदत असते, पाकीट फोडले की ती आणखी कमी होते. कपाटात पडलेली जुनी कॅनिस्टर माणसाला खोटा धीर देतात. आपल्या दमट हवेत सूट घालून वीस मिनिटांच्या वर काम करवू नये, म्हणून सहा जणांच्या दोन-दोनच्या पाळ्या.

फाटकाशी करायचे काम सोपे आहे, फक्त ते आधी करून पाहिलेले असावे लागते. कपडे उतरवल्याने अंगावरचे बहुतेक रसायन जाते. कपडे डोक्यावरून ओढू नयेत, चेहऱ्याला आणि नाकाला रसायन लागते. कुर्ता, बुरखा, टी-शर्ट समोरून कात्रीने कापावा. साडी उलगडून काढता येते, ते सोयीचे. द्रव सांडलेला दिसला तर आधी कोरड्या टिश्यूने किंवा फडक्याने टिपून घ्यावे, पुसू नये, घासू नये. मग पाणी. आम्ल, अल्कली किंवा आग होत असेल तर मात्र टिपत बसू नये, थेट भरपूर पाणी. दोन बंब समांतर उभे करून, दोन्हींच्या नोझल कमी दाबावर धुक्यासारख्या ठेवून मधून माणसांना चालवत नेले की मिनिटाला कितीतरी माणसे धुऊन निघतात. दाब जास्त ठेवला तर रसायन कातडीत दाबले जाते आणि म्हातारी माणसे पडतात. कपडे, मंगळसूत्र, मोबाईल एकाच पिशवीत, पिशवीवर आणि मनगटावर एकच क्रमांक. हा क्रमांक विसरला की माणसे आपल्या वस्तू सोडून पुढे जात नाहीत आणि रांग तुंबते. स्त्रियांसाठी ताडपत्रीचे पडदे, वेगळी रांग, स्त्री कर्मचारी आणि अंगावर घालायला दोनशे गाऊन तयार नसतील, तर अर्ध्या स्त्रिया कपडे काढणारच नाहीत आणि तशाच आत शिरतील. दोनशे गाऊनचा खर्च एका सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या खांबापेक्षा कमी आहे.

औषधसाठ्याचा हिशेब कागदावर मांडून पाहिला पाहिजे. सरीनसारखी रसायने आणि शेतातली ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके शरीरात एकाच जागी घाव घालतात, म्हणून आपल्या डॉक्टरांना उपचार माहीत आहे: अ‍ॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम, झटके आले तर मिडाझोलॅम. अडचण प्रमाणाची आहे. गंभीर रुग्णाला अ‍ॅट्रोपिन १.८ मिलिग्रॅमने सुरुवात करून दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत गेले, तर पहिल्या तीन मात्रांतच साडेबारा मिलिग्रॅम लागते. ०.६ मिलिग्रॅमच्या अँप्युलने मोजले तर ती एकवीस होतात. असे वीस रुग्ण म्हणजे चारशे वीस अँप्युल, तीही दहा मिनिटांत फोडायची. म्हणून मोठ्या व्हायल मिळतील तिथे त्याच घ्याव्यात. छातीतली घरघर थांबणे हा मात्रा थांबवण्याचा खरा निकष आहे. डोळ्याची बाहुली बारीकच राहिली किंवा नाडी वाढली म्हणून गोंधळून निर्णय घेतले तर काहींना औषध कमी पडते, काहींना जास्त होते. हा साठा वेगळ्या कपाटात कुलूप लावून ठेवला तर मुदत संपून फेकावा लागतो. रोजच्या साठ्यातच तो मिसळावा, आधी मुदत संपणारे आधी वापरावे आणि किमान पातळीच्या खाली येऊ देऊ नये. क्लोरीनला उतारा नाही. तिथे ऑक्सिजन, श्वासनलिका मोकळ्या करणारी औषधे आणि काही तास निरीक्षण लागते, कारण फुप्फुसात पाणी उशिरा भरते.

शोधयंत्रांच्या खरेदीबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. अग्निशमन दलात सर्रास दिसणारे चार वायूंचे मीटर ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड एवढेच मोजते. त्याचा हिरवा दिवा पाहून 'हवा स्वच्छ आहे' असे क्लोरीनच्या किंवा कीटकनाशकाच्या वाफेत कोणी म्हणू नये. फोटोआयोनायझेशनवर (अतिनील प्रकाशाने वाफ ओळखण्याच्या पद्धतीवर) चालणारे मीटर जास्त वाफा टिपते, पण पावसाळ्यातल्या दमट हवेत कमी आकडा दाखवते आणि ठरावीक वायूवर नियमित कॅलिब्रेशन (मापाची जुळणी) केले नाही तर काहीच खरे सांगत नाही. म्हणून प्रत्येक खरेदीत यंत्राच्या किमतीबरोबर तीन वर्षांचे सेन्सर, कॅलिब्रेशन गॅस आणि ते करणाऱ्या माणसाचा पगार धरा. ते परवडत नसेल तर यंत्र कमी घ्या.

किरणोत्साराचे तसेच. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठातून भंगारात गेलेल्या कोबाल्ट-६० च्या यंत्राने एकाचा जीव घेतला. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोइयानियात सीझियमच्या एका टाकून दिलेल्या स्रोतामुळे चार माणसे गेली आणि एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली. शिळफाटा-महापे रस्त्यावरची भंगार गोदामे हीच आपली खरी पहिली चौकी आहे. आकाराच्या मानाने फार जड डबा आणि त्यावर तीन पाकळ्यांचे चिन्ह दिसले की तोडू नका, लांब व्हा, ११२ ला कळवा, एवढा मजकूर हिंदी-मराठी-उर्दूत चित्रासह प्रत्येक गोदामात लावावा. स्थानकांवर किरणोत्सार मापक बसवायचेच असतील तर खोट्या घंटांची तयारी ठेवा. अणुवैद्यक तपासणी (शरीरात किरणोत्सारी औषध सोडून केलेली) करून आलेला रुग्ण दिवसभर मापक वाजवतो, आणि खारघरमध्ये कर्करोगाचे मोठे केंद्र आहे. बंदरावर चिनी मातीच्या फरशा आणि पोटॅश खतही वाजते. घंटा वाजल्यावर कोण, कशाने, किती मिनिटांत पडताळणी करील हे ठरलेले नसेल तर तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी आवाज बंद करून टाकतो.

ड्रोनबाबत आमची भूमिका बाकीच्यांपेक्षा थोडी थंड आहे. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनने स्फोटके टाकली, त्यामुळे धोका खरा आहे. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यावर हवाई क्षेत्राचे नियम असेही कडक झाले आहेत. पण ड्रोन रोखण्याची यंत्रे पोलीस आणि केंद्रीय दलांवर सोडा, महापालिकांनी त्यावर पैसे घालू नयेत. जैविक धोक्यासाठीही वेगळे काही उभारण्यापेक्षा दोन गोष्टी पुरतील: कोविडमध्ये देशातल्या काही शहरांनी सांडपाण्यावर ठेवली तशी नजर आपल्या मलप्रक्रिया केंद्रांवर कायम ठेवणे, आणि खासगी दवाखान्यांकडून एकसारख्या लक्षणांच्या रुग्णांची माहिती आठवड्याऐवजी रोज मागवणे.

नव्या तंत्रज्ञानाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोपा वापर मात्र अफवेचा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या हुबेहूब आवाजात 'पाणी पिऊ नका, ऐरोलीकडे पळा' अशी ध्वनिफीत दहा मिनिटांत बनते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तासाभरात सगळीकडे जाते. ऐरोली-मुलुंड पुलावर त्यानंतर काय होईल हे सांगायला नको. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मोबाईलवर थेट येणारी सेल ब्रॉडकास्ट सूचना हा अधिकृत मार्ग आहे. त्या सूचनेचा आवाज कसा असतो हे लोकांना आधी ऐकवा. मजकूर आजच लिहून ठेवा: घटना घडल्यावर पंधरा मिनिटांनी, तीस मिनिटांनी आणि तासाने काय सांगायचे. माहिती नसली तरी ठरल्या वेळी 'पुढची सूचना साडेसातला' एवढे तरी जाऊ द्या. मजकुरात वाऱ्याची दिशा हवी आणि स्पष्ट आज्ञा हवी: घरात थांबा, खिडक्या लावा, एसी आणि पंखे बंद करा, फटींत ओला टॉवेल कोंबा, तळघरात जाऊ नका. ढग निघून गेल्यावर दारे-खिडक्या उघडा, ही दुसरी सूचना कोणी देत नाही, आणि मग आत शिरलेला वायू माणसे तासभर हुंगत बसतात. वाशीतले मॉल आणि स्थानकावरच्या व्यापारी संकुलांत बाहेरची हवा ओढणारे पंखे एका बटनाने बंद करता आले पाहिजेत. ते बटन कुठे आहे हे रात्रपाळीच्या माणसालाही माहीत हवे.

शेवटची अडचण हद्दीची. तुर्भे ठाणे जिल्ह्यात, तळोजा रायगडमध्ये, पोलीस आयुक्तालय मात्र दोन्हींना एकच. बंब महापालिकेचे, एमआयडीसीचे, सिडकोचे वेगवेगळे. खाडीवरून दुपारी पारसिकच्या डोंगराकडे जाणारा वारा रात्री उलटा फिरतो आणि हद्द पाहत नाही. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनुसार स्थानिक संकट गटाने दर महिन्याला बैठक आणि सहा महिन्यांतून एकदा पूर्ण सराव करायचा आहे. जिल्हा गटाने असा सराव वर्षातून एकदा करायचा आहे. आमची विनंती आहे की पुढचा सराव कारखान्याच्या आवारात, सकाळी अकराला, फोटोंसाठी करू नये. तो जुलैत, पावसात, संध्याकाळी साडेसहाला, पाळी सुटताना, दोन्ही जिल्ह्यांनी मिळून करावा. घटनास्थळाहून शंभर स्वयंसेवकांना रुग्णवाहिकेशिवाय, रिक्षाने आणि चालत वाशीच्या रुग्णालयात पाठवावे आणि पूर्वसूचना फक्त रुग्णालयाच्या अधीक्षकांना असावी. पहिला बंब पोहोचल्याची, पहिला माणूस धुतल्याची, पहिली सेल ब्रॉडकास्ट सूचना गेल्याची वेळ घड्याळ लावून नोंदवावी आणि इतिवृत्तासह जाहीर करावी. आमच्यापैकी काही जण निरीक्षक म्हणून विनामोबदला यायला तयार आहेत.

त्या सरावाच्या तयारीत फाटकावरच्या सुरक्षारक्षकालाही बोलवा. बाहेरून येणारा पहिला माणूस त्याच्यापाशी येऊन थांबणार आहे, आणि त्याला बाजूच्या मोकळ्या अंगणाकडे वळवायचे तर त्या अंगणाच्या दाराची किल्ली रक्षकाकडे हवी. बहुतेक रुग्णालयांत ती कार्यालयात असते आणि कार्यालय सहाला बंद होते.

आपले,
ठाणे, नवी मुंबई आणि पनवेलमधील रासायनिक सुरक्षा, आपत्कालीन वैद्यक व अग्निशमन क्षेत्रांत काम करणारे काही नागरिक